उपासनेतील सर्वांचा सहभाग आणि सभेची शिस्त : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील फोंड्याच्या बाजारापासून थोड्या अंतरावर, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावरील भाड्याच्या जागेत आमची लहानशी मराठी ख्रिस्ती मंडळी दर रविवारी जमते. तीत नगर आणि कोल्हापूरकडून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे आहेत, सत्तरी व पेडणे या तालुक्यांकडची घरे आहेत आणि लग्नामुळे किंवा शेजारामुळे जोडली गेलेली काही कोंकणी व कानडी बोलणारी माणसेही आहेत. आमच्या उपासनेत एकच माणूस पुढे उभा राहून सर्व काही करत नाही, त्यामुळे नवीन येणाऱ्यांना अनेक प्रश्न पडतात, आणि सभेचा क्रम लावण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे असल्याने ते बहुधा मला जिन्यातच गाठून विचारले जातात. त्यांची उत्तरे एकदा लिहून काढावीत, असे वडीलमंडळींनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी, सुचवले, म्हणून हा प्रपंच.

उपासनेत सर्वांनी भाग घ्यायचा म्हणजे नेमके काय करायचे?

करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, सव्विसाव्या वचनात, प्रेषित पौल म्हणतो की तुम्ही एकत्र जमता तेव्हा कोणाजवळ स्तोत्र असते, कोणाजवळ शिक्षण, कोणाजवळ प्रकटीकरण, कोणाजवळ अन्य भाषेतील (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषेतील) बोलणे, तर कोणाजवळ त्याचा अर्थ. आणि हे सर्व उन्नतीसाठी व्हावे. हे पत्र इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इफिस शहरातून लिहिले गेले. त्या काळी ख्रिस्ती लोकांची स्वतंत्र प्रार्थनागृहे नव्हती. करिंथात गायस नावाच्या गृहस्थाच्या घरी मंडळी जमत असे, असा उल्लेख रोमकरांस पत्राच्या शेवटी आढळतो. घरात जमलेली माणसे व्यासपीठाकडे तोंड करून रांगांत बसत नाहीत, ती एकमेकांकडे पाहत बसतात, आणि हा अध्याय वाचताना तशी बैठक डोळ्यांसमोर ठेवली तर पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

आमच्याकडे सहभागाचा अर्थ असा आहे की ज्याच्याजवळ द्यायला काही आहे त्याने ते आणावे : एखादे गीत, पवित्र शास्त्रातील एखादा उतारा, आठवड्यात घडलेल्या गोष्टीची साक्ष, आजाऱ्यासाठी विनंती किंवा उपकारस्तुतीची प्रार्थना. ज्याच्याजवळ त्या रविवारी काही नाही त्याने लक्ष देऊन ऐकावे आणि पटले तर मोठ्याने ‘आमेन’ म्हणावे. हे आमेन आम्ही किरकोळ समजत नाही. त्याच अध्यायात पौलाची एक तक्रार अशी आहे की तुझी प्रार्थना न समजणारा मनुष्य तिला आमेन कसा म्हणणार? ऐकणाऱ्याची संमती ही प्रार्थनेचाच भाग आहे, असे त्यावरून दिसते.

सर्वच जण बोलू लागले तर पाळकाचे काम काय उरते?

संदेश देणे, शिकवणीची राखण करणे, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर व पेला वाटून घेण्याच्या, वेळी मेजामागे उभे राहणे आणि कोण बोलले नाही यावर लक्ष ठेवणे. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन हुतात्मा याने सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात रविवारच्या सभेचे वर्णन आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जात, मग सभेचा प्रमुख उपदेश करी, त्यानंतर सर्व जण उभे राहून प्रार्थना करीत, भाकर, द्राक्षारस व पाणी आणले जाई आणि प्रमुखाच्या उपकारस्तुतीला लोक आमेन म्हणत. प्रमुख आहे, पण वाचणारा वेगळा आहे, प्रार्थना सर्वांची आहे आणि भाकर घरी आजारी असलेल्यांपर्यंत पोहोचवणारे सेवक आणखी वेगळे आहेत. पाळक असणे आणि सर्वांनी भाग घेणे यांत विरोध असल्याची कल्पना फार नंतरची असावी, असे मला वाटते.

शिस्त लावली की पवित्र आत्म्याला बांधून ठेवल्यासारखे होत नाही का?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि तो विचारणारी माणसे बहुधा मनापासून बोलत असतात, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

चौदाव्या अध्यायात ‘गप्प राहावे’ ही आज्ञा तीन वेळा येते आणि मूळ ग्रीक भाषेत तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. लोकांच्या लक्षात राहते ते तिसरे स्थळ, स्त्रियांविषयीचे; पहिली दोन मात्र सोयीस्करपणे विसरली जातात. पहिली आज्ञा अन्य भाषेत बोलणाऱ्याला आहे : अर्थ सांगणारा नसेल तर त्याने सभेत गप्प राहावे आणि स्वतःशी व देवाशी बोलावे. दुसरी आज्ञा तर संदेश देणाऱ्यालाच आहे, आणि ती वाचताना मी दर वेळी थबकतो. बसलेल्यांपैकी कोणाला काही प्रकट झाले तर पहिल्याने, म्हणजे उभा राहून बोलत असलेल्याने, गप्प व्हावे. आपल्याकडे सभा कोणतीही असो, ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक त्याचे राज्य, असा रिवाज असतो. ग्रामसभेला कधी गेला असाल तर वेगळे सांगायला नको. पौलाने ही रीत उलटी केली आहे. थांबायचे आहे ते बोलणाऱ्याने, बसून राहिलेल्याने नव्हे.

यापुढे एक वचन आहे की संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. ‘मला राहवले नाही, आत्म्यानेच बोलवले’ ही सबब त्यामुळे चालत नाही. खरोखर आत्म्याकडून आलेली गोष्ट दहा मिनिटे थांबू शकते, पुढच्या रविवारपर्यंतही थांबू शकते. ‘आत्म्याला विझवू नका’ हे थेस्सलनीकाकरांस लिहिलेले वचन या वादात नेहमी पुढे केले जाते. ते जरूर पुढे करावे, पण त्याला लागूनच ‘सर्व गोष्टींची पारख करा’ असेही लिहिले आहे, तेवढे वाचून मग पुस्तक मिटावे.

गोव्यात राहणाऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते ते प्रत्येक मंडळ आपापल्या पाळीने उभे राहते आणि पाळी संपताच टाळ दुसऱ्याच्या हाती देते म्हणून. आमच्यापैकी कित्येकांचे बालपण तशा भजनांत गेलेले आहे; श्रद्धा बदलली तरी पाळी धरण्याची सवय टाकून देण्याचे काही कारण नाही.

साक्षीला तीनच मिनिटे का? आणि नाव आधी चिठ्ठीवर का द्यायचे?

पूर्वी आमच्याकडे चिठ्ठी नव्हती आणि मिनिटेही नव्हती. ज्याला वाटेल त्याने उभे राहावे, असा मोकळा कारभार होता आणि त्याचा आम्हांला अभिमानही वाटे. एका जूनमधील रविवारी पत्र्यावर पाऊस कोसळत असताना एक बंधू साक्षीला उभे राहिले. कामावरच्या एका अपघातातून ते थोडक्यात वाचले होते, त्यामुळे बोलण्यासारखे खरोखरच होते. ते चाळीस मिनिटे बोलले. मी समोरच्या भिंतीवरील घड्याळाकडे पाहत राहिलो आणि संकोचाने काही बोललो नाही. सभा उरकताना तिसऱ्या रांगेत बसलेल्या, सत्तरीतून दोन बसगाड्या बदलून येणाऱ्या एका आजींच्या मुठीत घडी केलेला कागद दिसला. नातीच्या अक्षरात त्यावर दोन ओळी होत्या : मुलाशी पाच वर्षांनी बोलणे झाले, देवाचे उपकार मानायचे आहेत. घामाने शाई थोडी पसरली होती. ‘पुढच्या रविवारी सांगेन हो,’ असे म्हणून त्या शेवटची बस गाठायला निघून गेल्या. पुढचे तीन रविवार पावसामुळे त्यांना येता आले नाही. त्या आल्या तेव्हा मी आठवण केली, तर म्हणाल्या, ‘आता ते जुने झाले.’

त्या दिवशीची चूक त्या बंधूंची नव्हती, माझी होती. तेव्हापासून बाजाच्या पेटीच्या शेजारी एक रेघांचा कागद ठेवलेला असतो. त्यावर नाव लिहायचे, काय करायचे ते एका शब्दात लिहायचे (गीत, वाचन, साक्ष, विनंती), आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी माझ्या किंवा कोणाही वडिलांच्या कानावर घालायचे. यादीत क्रम लावताना जे क्वचित बोलतात त्यांना आधी घेतले जाते. दर रविवारी नाव देणाऱ्यांना शेवटी जागा उरली तर संधी मिळते, आणि त्यांपैकी बहुतेकांनी हे हसतमुखाने मान्य केले आहे. तीन मिनिटे झाली की मी उठून उभा राहतो. घंटा आम्ही वाजवत नाही, कारण साक्ष ही परीक्षा नव्हे.

संदेश देण्यासाठी उभे राहणाऱ्यांची संख्या पौलाने दोन किंवा तीन अशी ठरवून दिली आहे, तीही आम्ही पाळतो. त्रोवस येथे स्वतः पौलच मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, ही प्रेषितांच्या कृत्यांतील हकिगत लांबलेल्या संदेशाच्या वेळी आमच्याकडे हळूच कोणीतरी कुजबुजते.

सभेत कोणी चुकीचे काही बोलले तर?

बोलणे झाल्यावर ‘इतरांनी पारख करावी’ असे पौलाने म्हटले आहे, म्हणजे बोलून झाले की विषय संपला असे नाही. पारख कशाची करायची, याचे आमचे माप साधे आहे : सांगितलेले पवित्र शास्त्राशी जुळते काय आणि त्याने ऐकणाऱ्याचे बळ वाढते काय. किरकोळ चूक असेल, म्हणजे वचनाचा संदर्भ चुकला किंवा उत्साहात आकडा वाढला, तर सभेत कोणी दुरुस्ती करत नाही. अपुल्लो हा विद्वान वक्ता इफिसच्या सभास्थानात बोलला तेव्हा त्याचे ज्ञान अपुरे आहे हे प्रिस्किल्ला व अक्विला यांच्या लक्षात आले. त्यांनी त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. घरी बोलावून, कदाचित जेवू घालून, सांगण्याची ही पद्धत आम्हांला फार आवडते.

मात्र कोणी देवाच्या नावाने एखाद्या कुटुंबाला शाप लागल्याचे सांगितले, औषधे बंद करायला सांगितली, कोणाचे लग्न कोणाशी व्हावे याचा ‘संदेश’ दिला किंवा निवडणुकीत मत कोणाला द्यावे ते सांगू लागला, तर वडील तेथल्या तेथे उभे राहून नम्रपणे थांबवतात आणि हे मंडळीचे शिक्षण नाही, असे सर्वांसमक्ष सांगतात. मधुमेहाची गोळी सोडून बसलेली एक भगिनी आम्ही पाहिली आहे, त्यामुळे या बाबतीत भिडस्तपणा ठेवायचा नाही, असे ठरले आहे.

दोघांतील खासगी तक्रार साक्षीच्या आडून सभेत मांडणे पूर्णपणे मना आहे. त्यासाठी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील पायऱ्या आहेत : आधी एकांतात, मग एक-दोन साक्षीदार घेऊन आणि अगदी शेवटी मंडळीपुढे.

मला मराठी नीट येत नाही. कोंकणीत किंवा कानडीत प्रार्थना केली तर चालेल का?

कोंकणीत अवश्य करावी. येथे बसलेल्या प्रत्येकाला ती समजते, मग आमेन म्हणायला अडचण कोणती? कानडीसाठी आमच्यात दोन बहिणी अर्थ सांगणाऱ्या आहेत; प्रार्थनेआधी त्यांच्यापैकी एकीला शेजारी उभे करावे आणि दोन-दोन वाक्यांनी थांबावे. अन्य भाषांविषयी पौलाने घालून दिलेला नियम, म्हणजे दोघांनी किंवा फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावे आणि एकाने अर्थ सांगावा, हा आम्ही कानडीलाही लावतो आणि आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणाऱ्यांनाही लावतो. त्या दानाविषयी मंडळीत एकमत नाही, परंतु अर्थ सांगणारा नसताना ते सभेत मोठ्याने वापरायचे नाही, याविषयी दोन्ही बाजू राजी आहेत.

लिपीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. कॅथलिक घरांतून आलेल्या कित्येकांना कोंकणी रोमन अक्षरांत वाचण्याची सवय असते आणि देवनागरी वाचताना ती अडखळतात. त्यांच्यासाठी गीतांचे शब्द रोमन अक्षरांतही लिहून ठेवले आहेत. याचे कोणी आश्चर्य मानू नये. याच गोव्यात, राईतूरच्या छापखान्यात, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले ते मराठी ओव्यांत आणि रोमन अक्षरांत. त्याची मांडणीही श्रोत्याने विचारावे आणि पाद्री-गुरूने सांगावे अशी आहे. प्रश्न विचारणारा ख्रिस्ती माणूस ही येथे चारशे वर्षांची जुनी गोष्ट आहे.

सर्व जण एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात, ते शिस्तीत बसते का?

या बाबतीत मराठी ख्रिस्ती लोकांच्या आठवणीत १९०५ साल आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली व स्त्रिया एकत्र आकांत करून प्रार्थना करू लागल्या, आणि त्या जागृतीची बातमी दूरदूर गेली. ते खोटे होते किंवा बेशिस्तीचे होते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. जिथे सर्वांचे मन एकाच विनंतीवर लागलेले असते तिथे आवाजांच्या गर्दीतही एक क्रम असतो.

आमच्या रविवारच्या सभेत मात्र आम्ही तसे करत नाही. खोली लहान आहे, खाली दुकान आहे, आणि पौलाला पडलेली काळजी, की बाहेरचा मनुष्य आत आला तर तुम्ही वेडे आहात असे म्हणणार नाही काय, ही आम्हांलाही आहे. महिन्यातून एकदा शुक्रवारी जी उपवास-प्रार्थना होते तिच्यात ज्यांना एकत्र मोठ्याने प्रार्थना करायची असते ते करतात.

स्त्रियांनी सभेत बोलावे काय?

आमच्याकडे बोलतात : प्रार्थना करतात, वाचतात, साक्ष देतात आणि शिकवतातही. हे वाचून काही बंधू चौदाव्या अध्यायातील चौतिसावे व पस्तिसावे वचन उघडून दाखवतात, म्हणून आमची भूमिका मांडतो. याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्री प्रार्थना करत असता किंवा संदेश देत असता तिने मस्तक आच्छादावे, असे सांगितले आहे. जी गोष्ट करण्याची रीत सांगितली ती गोष्ट पौल तीन अध्यायांनंतर सरसकट बंद करील, हे संभवत नाही. पस्तिसाव्या वचनात ‘काही शिकायचे असेल तर घरी नवऱ्याला विचारावे’ असे आहे, त्यावरून सभा चालू असताना मध्येच प्रश्न विचारण्याने होणारी गडबड त्याच्या मनात असावी, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचने चाळिसाव्या वचनानंतर आढळतात, एवढेही नमूद करून ठेवतो. त्यावरून निष्कर्ष काय काढायचा याविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

इतर मंडळ्यांत याहून कडक रीत आहे आणि तिथे आम्ही पाहुणे म्हणून गेलो तर त्यांची रीत पाळतो. परंतु ज्या भाषेतले संपूर्ण बायबलचे एक भाषांतर पंडिता रमाबाईंनी केले आणि ज्या भाषेत रेव्हरंड टिळकांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, त्या भाषेच्या सभेत स्त्रीने तोंड उघडू नये, असे म्हणताना निदान थोडा संकोच तरी वाटावा.

डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यायची की नाही, हे ज्या-त्या भगिनीवर सोडले आहे.

प्रभुभोजनाच्या वेळी काय करायचे?

थांबायचे. करिंथात श्रीमंत लोक लवकर येऊन आपापले जेवण उरकीत, मजूर व दास काम संपवून येईपर्यंत काही उरत नसे. एक जण भुकेला राही आणि दुसरा मद्याने मस्त होई. त्यावर पौलाने केलेला उपाय एका ओळीचा आहे : जेवायला जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा. आमच्यातील काही जण औषधांच्या कारखान्यात रात्रपाळी करून येतात आणि दहाच्या आधी पोहोचत नाहीत, म्हणून प्रभुभोजन सभेच्या आरंभी न ठेवता शेवटी ठेवले आहे.

भाकर म्हणजे पोदेराकडून, अर्थात पाववाल्याकडून, त्याच सकाळी घेतलेला एकच उंडो, म्हणजे कडक कवचाचा पाव. सायकलचा भोंपू वाजला की ज्या घरची पाळी असेल ते घर तो घेते आणि स्वच्छ फडक्यात बांधून आणते. मेजावर सर्वांसमक्ष तो मोडला जातो, तेव्हा वरचे कवच तडकल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो. आधीच कापलेले चौकोनी तुकडे सोयीचे पडतात हे खरे, पण एक भाकर असल्यामुळे आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत, हे वचन तुकड्यांच्या ताटलीपुढे वाचताना मला अवघडल्यासारखे होते. पेल्यात काळ्या द्राक्षांचा रस असतो, दारू नसते. आमच्यातील काही जणांनी मोठ्या कष्टाने पिणे सोडले आहे आणि त्यांच्यापुढे पोर्ट वाइनचा पेला धरणे आम्हांला बरे वाटत नाही.

ज्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे आणि जे आपल्या मंडळीत शिस्तीखाली (चुकीमुळे सहभागापासून दूर ठेवलेले) नाहीत त्यांनी भाग घ्यावा. इतरांनी बसून राहावे; त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

मी कॅथलिक आहे. मिसेत सर्व ठरलेले असते, मग तिथे सहभाग नाही असे तुमचे म्हणणे आहे का?

नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला त्यात सर्व श्रद्धावंतांचा पूर्ण, जाणता आणि सक्रिय सहभाग हेच उद्दिष्ट सांगितले आहे, आणि लोकभाषेतील मिसेचा मार्ग त्यातूनच मोकळा झाला. शब्द ठरलेले असले म्हणजे सहभाग नसतो, असे मानणे उथळपणाचे होईल. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रूसापुढे) लदीन, म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना, चालते तेव्हा लॅटिन न शिकलेला शेजारीही ‘ओरा प्रो नोबिस’ला दुसरा सूर लावतो, ते ऐकून कित्येकदा मी रस्त्यात थांबलो आहे. आपल्या आणि आमच्या रीतीत फरक आहेत आणि काही ठिकाणी ते शिकवणीचेही आहेत, पण ते या पानाचे विषय नव्हेत.

गीते कोण निवडते? टाळ-ढोलकी चालते का?

निम्मी गीते संदेशाच्या विषयाला धरून आधी ठरतात आणि उरलेली कागदावर नाव दिलेल्यांच्या पसंतीची असतात. पेटी आहे, टाळ आहेत, ढोलकी आहे; एका तरुणाने गिटार आणली आहे आणि तीही चालते, फक्त सूर लावण्याचा कार्यक्रम सभेच्या आधी उरकावा. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग व ओवीचे छंद आणले त्याला आता शंभर वर्षे होऊन गेली, तरी ‘हे हिंदूंसारखे वाटते’ अशी कुरकुर अधूनमधून ऐकू येतेच. गाणाऱ्याने एवढेच पाहावे की आपला आवाज शेजाऱ्याला बुडवत नाही. सुरेल गळ्याच्या माणसांनी हे अधिक पाहावे.

माझे नातेवाईक ख्रिस्ती नाहीत. ते आले तर चालेल का?

चालेल. त्यांना पुढे बोलावले जात नाही, नाव विचारून उभे केले जात नाही आणि त्यांचा फोटो काढला जात नाही. कोणाचाही फोटो परवानगीशिवाय काढून समाजमाध्यमांवर टाकायचा नाही, हा नियम आमच्यासाठीही आहे. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला ‘तू तिकडे उभा राहा’, असा भेद करणाऱ्यांना याकोबाने पत्रात खडसावले आहे. वांगडाप्रमाणे (गावातील घराण्याप्रमाणे) मानाचा क्रम लावण्याची जुनी सवय असलेल्या आमच्या गावांतून आलेल्यांनी ते पत्र सावकाश वाचावे. आमच्या खोलीत पंख्याखालच्या खुर्च्या वृद्धांसाठी आणि उशिरा पोहोचणाऱ्या रात्रपाळीवाल्यांसाठी राखलेल्या असतात, एवढाच काय तो मान.

लहान मुलांचे काय?

ती बसतात, रडतात, कधी आमेन चुकीच्या जागी म्हणतात. संदेशाच्या वेळी त्यांच्यासाठी गच्चीत शब्बाथ शाळा असते.

दानार्पणाचा हिशेब कोण ठेवते?

दोघे मिळून मोजतात, दोघांच्या सह्या होतात आणि महिन्याचा जमाखर्च जिन्यातील फळ्यावर लागतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल दानाची रक्कम एकट्याने नेत नाही, सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतो. माणसांच्या दृष्टीनेही चोख असावे, असे कारण तो देतो. किती द्यायचे ते आम्ही सांगत नाही आणि कोणी किती दिले ते वाचून दाखवत नाही.

मला चारचौघांत बोलताच येत नाही. माझ्यावर सक्ती होईल का?

मुळीच नाही. सात वर्षे दर रविवारी येऊन सभेत एक शब्दही न बोललेले एक गृहस्थ आमच्यात आहेत. खुर्च्या ते मांडतात, पावसाळ्यात जिन्यावर गोणपाट ते अंथरतात आणि वाचन कोणते आहे हे पाहून वृद्धांच्या बायबलमध्ये आधीच खूण घालून ठेवतात. वाचून दाखवणे पुष्कळांना बोलण्यापेक्षा सोपे जाते, म्हणून सुरुवात करायची असेल तर वाचनाने करावी. उतारा शनिवारी कळवला जातो, म्हणजे घरी दोन-चार वेळा मोठ्याने वाचून पाहता येतो, आणि नावांच्या उच्चारांची धास्ती कोणी घेऊ नये. नबुखद्नेस्सराला सर्वच जण अडखळतात.

पहिल्यांदा येताना काय आणावे, किती वाजता यावे?

बायबल असेल तर आणावे, नसेल तर येथे आहेत. उपासना पावणेदहाला सुरू होते. फोंडा बसस्थानकावरून चालत यायचे झाल्यास दहा-बारा मिनिटे लागतात. पावसात जिना निसरडा होतो, कठडा धरून चढावे. पेटीशेजारचा कागद साडेनऊला उचलला जातो, त्यानंतर काही सांगायचे असल्यास मला खुणेने सांगावे, मी दाराजवळच्या खुर्चीवर असतो.